रीफ टँकखाली सम्प लावतोय, लाईट गेली की पाणी घरात येणार का?

खारेपाणी
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर राहतो. गोड्या पाण्याचे मासे दहा-बारा वर्षं पाळून झाले, आता खाऱ्या पाण्याचा, कोरलवाला टँक करायचं डोक्यात बसलंय. टँक ४ × २ × २ फूट, काच १२ मिमी. ऑर्डर द्यायचीय, भोकं अजून पाडलेली नाहीत. स्टँड ३० इंच उंच, त्यात ३६ × १६ × १६ इंचाचा सम्प, म्हणजे फिल्टरची खालची टाकी, बसतो.

प्लॅन असा: वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपनं सम्पमध्ये. तिथं फिल्टर सॉक (गाळायची पिशवी), मग स्किमर (फेसावाटे घाण काढणारा), मग थोडं शेवाळ, आणि शेवटी पंपानं परत वर. रिटर्न पाइपचं तोंड टँकमध्ये सहा इंच खोल ठेवणार, म्हणजे वर खळखळ नको आणि खालपर्यंत प्रवाह जाईल. पाइपला चेक व्हॉल्व्ह, पाणी उलटं येऊ नये म्हणून. सम्प १२ इंचांपर्यंत भरून ठेवणार, कारण एकूण पाणी जेवढं जास्त तेवढं बरं असं ऐकलंय.

आमच्याकडं लाईट आठवड्यातनं दोनदा तरी जाते. घरच्यांच्या अटी दोन. बायकोची: फरशीवर थेंब नको. आईची: टँकखालचं कपाट रिकामंच राहणार असेल तर तिचे डबे तिथं ठेवायचे. सम्पचं तिला अजून सांगितलेलं नाही.

प्लॅनमध्ये काय चुकतंय?

तांबडापांढरा
शीर्षक अर्धवट वाचून वाटलं मासे संपावर गेले. मागण्या काय आहेत त्यांच्या?

खारेपाणी
मासे अजून आलेच नाहीत. कामगार भरती व्हायच्या आधीच संपाची तयारी.

साधासरळ
माझं मत विरोधी, पण सांगतो. सम्प लागतच नाही. माझा दोन फुटी टँक चार वर्षं मागच्या काचेवर अडकवायच्या फिल्टरवर चाललाय. आत दोन क्लाउनफिश, झोअँथिड, मशरूम कोरल. दर रविवारी दहा टक्के पाणी बदलतो, संपला विषय. (संप नव्हे, संपला.) जितके पाइप जास्त तितक्या गळायच्या जागा जास्त. पहिलाच खारा टँक असेल तर छोटा करा, शिका, मग मोठ्याकडं जा.

पेठेतली_मी
साधासरळ, दोन फुटी टँकला तुमचं बरोबर आहे. चार फुटीत मोठा स्किमर मागं टांगून बघा, भिंतीपासून टँक वीतभर पुढं येतो आणि हीटर, स्किमर, वायरी सगळं समोरून दिसतं. मी आठ वर्षं रीफ करतो, पहिली दोन वर्षं सम्पशिवाय काढली. बाष्पीभवनानं रोज टँकची पातळी खाली, काचेवर मिठाची रेघ, रोज तांब्यानं पाणी घाला. सम्प आला की वरची पातळी एका जागी राहते, घट फक्त शेवटच्या पंपाच्या कप्प्यात दिसते. माझ्यासाठी एवढं एकच कारण पुरेसं होतं. पृष्ठभागावरची तेलकट साय ओव्हरफ्लोतून आपोआप खाली जाते, हा वरचा फायदा.

सदाशिवी
अवांतर: आयडी 'पेठेतली' आणि 'मी करतो'? टंकनदोष की काय?

पेठेतली_मी
दोष नाही, कोल्हापूर आहे. आमच्यात बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतो. पुण्यातल्यांनी सवय करून घ्यावी.

उपसापंप
खारेपाणी, भावा, आहे त्या प्लॅननं पाणी घरात येणारच. तेही पहिल्याच वेळी लाईट गेली की.

मी शिरोळ तालुक्यातला. आमचा उपसा आहे, नदीवरनं शेतात पाणी उचलतो. टँक मी लावला तेव्हा आमच्या आबांनी सगळी जोडणी बघितली. माशांकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. एकच विचारलं, "मोटर बंद पडली की ह्या पाइपातलं पाणी कुठं जातंय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता तुझा हिशोब. पंप बंद झाला की रिटर्न पाइप उलटा ओढायला लागतो, गाडीतलं पेट्रोल नळीनं काढतात तसा. टँकमधलं पाणी त्याच पाइपनं खाली सम्पमध्ये उतरत राहतं. कुठवर? पाइपच्या तोंडाशी हवा शिरेपर्यंत. तू तोंड सहा इंच खोल ठेवणार म्हणजे वरचं सहा इंच पाणी खाली येणार.

लिटरमध्ये मोजत बसू नकोस. तुझा टँक वरून ४८ × २४, सम्प ३६ × १६. टँकचं क्षेत्रफळ सम्पच्या बरोब्बर दुप्पट. म्हणजे टँकमधला एक इंच म्हणजे सम्पमधले दोन इंच. सहा इंच उतरलं की सम्पला बारा इंच जागा लागणार. १६ इंची सम्पमध्ये तू १२ इंच आधीच भरलेत. उरले चार. बाकीचं कुठं जाणार ते वहिनींना विचार.

लिटरमध्येच हवं असेल तर टँकचा एक इंच सुमारे १९ लिटर. फरशीवर पाऊणशे लिटर.

खारेपाणी
अरे बापरे. पण चेक व्हॉल्व्ह आहे की. तो कशासाठी मग?

उपसापंप
चेक व्हॉल्व्ह म्हणजे आमचा फूटव्हॉल्व्हच. नदीत फूटव्हॉल्व्हच्या पडद्यात उसाचं एक पाचट अडकलं की रात्रभर पाइप रिकामा होतो आणि सकाळी मोटरला पाणी भरत बसायचं. ते गोडं पाणी. तुझ्यात खारं, वर कॅल्शियम. झडपेवर मिठाचा आणि चुन्याचा थर बसतो, गोगलगाईचं पिल्लू जाऊन बसतं. सहा महिने चालेल, सातव्याला नेमका अर्धवट उघडा राहील. हवा तर लाव, पण तो नाहीच असं धरून जागा सोड.

उपाय सोपा आणि फुकट:
रिटर्नचं तोंड पाण्याच्या पातळीखाली जेमतेम इंचभर ठेव. शिवाय पातळीच्या किंचित खाली पाइपला ५-६ मिमीचं भोक पाड. पातळी भोकाखाली गेली की हवा आत शिरते, ओढ तुटते. आणि सम्प चालू असताना ९ इंचांवर ठेव, १२ वर नाही. सात इंच मोकळे राहतात. जास्त पाणी हवं असेल तर सम्प मोठा कर, भरून नको ठेवूस.

मगरमिठी
+१. ते भोक दर पंधरा दिवसांनी टूथब्रशनं साफ करणे. त्यातसुद्धा शेवाळ बसतं, तेच बुजलं तर सगळा हिशोब परत सहा इंचावर.

तांबडापांढरा
आबांना सम्पतज्ज्ञ म्हणून मंडळावर घ्या. इंजिनियरला जे सुचलं नाही ते उसवाल्याला सुचलं.

उद्यमनगरी
स्टँड आणि पाइपचं माझं काम, तेवढंच बोलतो. उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे.

४ × २ × २ चं पाणीच चारशे लिटरच्या वर. काच, दगड, वाळू, सम्प धरलं तर सहाशे किलो कुठं गेलेच नाहीत. ४० × ४० मिमीचा चौकोनी एमएस (लोखंडी) पाइप, आडव्या-उभ्या सगळ्या वेल्डिंग भरून, ठिपके मारून नाही. पावडर कोटिंग करा आणि पाइपची उघडी तोंडं बंद करा, खारी वाफ आत गेली की आतनं गंजतो, बाहेरनं कळत नाही. पहिल्या मजल्यावर आहात, भिंतीलगत आणि बीमवर आडवा ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. सम्प स्टँडमध्ये समोरून शिरेल अशी फट ठेवा. हे हसण्यावारी नेऊ नका. एका गिऱ्हाइकाचा सम्प आधी आत ठेवून मग पुढचा पाय वेल्ड केला होता. तीन वर्षांनी सम्प गळायला लागला, तेव्हा पाय कापायला मलाच बोलावलं.

आणि माझी स्वतःची चूक. घरच्या टँकला ड्रेनवर पितळी व्हॉल्व्ह बसवला. वर्कशॉपात पडलेला, चकचकीत, भारी वाटला. दोन महिन्यांत गोगलगाई एकेक करून तळाला उताण्या. मग कोळंबी गेली. मासे ठणठणीत, त्यामुळं पाण्यावर संशयच येईना. पितळात तांबं असतं, ते खाऱ्या पाण्यात उतरतं आणि बिनकण्याच्या जिवांना थोडंसुद्धा चालत नाही. पितळ नको, तांबं नको, जीआय फिटिंग नको, त्याच्यात जस्त. सगळं यूपीव्हीसी.

चिंगळी
मीपण नवीनच आहे, ताई-दादांनो. दगडांचं काय करता? पुढच्या रविवारी मालवणला जातोय, किनाऱ्यावरून पांढरे कोरलचे दगड आणले तर? तसेही मेलेलेच असतात.

पेठेतली_मी
नको! चिंगळी, हे गमतीत घेऊ नको. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या यादीत. मेलेलं, वाळलेलं, किनाऱ्यावर पडलेलं, काही फरक पडत नाही. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे. सिरॅमिकचे किंवा सिमेंट-शिंपल्याचे बनवलेले दगड मिळतात, जांभळ्या रंगाचेसुद्धा. जिवाणू त्यांच्यावरही बसतात. सायकल व्हायला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू रुजायला, चार-सहा आठवडे लागतील, तेवढा धीर धरायचा. जिवंत कोरल घेताना पण विकणाऱ्याकडं कागद मागायचे. सायटिसच्या (धोक्यातल्या जिवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले विदेशी जीव सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात.

चिंगळी
वाघाच्या यादीत?? माहीत नव्हतं. मालवणात मासे खाऊन परत येतो फक्त.

तांबडापांढरा
खाऊन येतो म्हणजे सम्प पोटातच.

साधासरळ
बघा, म्हणूनच म्हणतो. चेक व्हॉल्व्ह, भोक, पितळ, वेल्डिंग. एवढ्यात माझं पाणी बदलून चहा पिऊन झाला.

कुंभारगल्ली
साधासरळ, चहा पिऊन घ्या, पण एक गोष्ट ऐका. ऑगस्ट २०१९ चा पूर. आमचं घर शाहूपुरी कुंभार गल्लीत. टँक वरच्या मजल्यावर होता. खाली पंचगंगा, वर समुद्र. लाईट गेली ती चार दिवस आलीच नाही. तेव्हा माझ्याकडं सम्प होता आणि शंभर लिटर पाणी जास्त होतं, तेवढ्यानं पहिला दिवस निघाला असं मला वाटतं. पुढचे दिवस बॅटरीवरच्या एअर पंपावर, आमिषाचे मासे जिवंत ठेवायला गळवाले वापरतात तो. दगडात राहणारे जिवाणूसुद्धा ऑक्सिजनवर जगतात, ते मेले की मागोमाग सगळं जातं. मासे वाचले. कठीण कोरल निम्मी गेली. नंतर मीठ संपलं आणि हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, पुण्या-मुंबईहून काही येईना. २०२१ ला परत तेच, पण तोवर शहाणा झालो होतो. मिठाची एक बादली कायम शिल्लक, सेलवरचे दोन एअर पंप कायम तयार.

इन्व्हर्टरवर रिटर्न पंप टाकू नका, लवकर उतरतो. टँकमधला एक छोटा वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंखा) टाका. पृष्ठभाग हलला की झालं.

उपसापंप
वेव्हमेकरचं अगदी बरोबर. पण लाईट गेल्यावर सम्पमधल्या जास्तीच्या पाण्याचा उपयोग नाही, ते खालीच राहतं, मासे वर आहेत.

खारेपाणी
मंडळी, खूप आभार. आबांना दंडवत. प्लॅन बदलला. आता पुढचे प्रश्न: ओव्हरफ्लोला भोक पाडू की काठावरून लटकवायचा ओव्हरफ्लो बॉक्स आणू? पंप किती लिटरचा? कप्पे किती? आणि कारागीर म्हणतो, "साहेब, टफन काच घ्या, मजबूत."

मगरमिठी
टफन नको. टफन काचेला नंतर भोक पडत नाही, ड्रिल टेकवलं की चुरा. साधी काच, डायमंड बिट, वरून पाण्याची धार, शेवटच्या मिलिमीटरला जोर कमी. ऑर्डर देतानाच भोकं पाडून घ्या.

लटकवायचा बॉक्स लाईटच्या खेळात धोक्याचा. त्यातल्या उलट्या नळीत हवा साचून ओढ तुटली की पंप वर पाणी ढकलत राहतो आणि ते टँकच्या काठावरून खाली. भोकंच पाडा, दोन. एक मुख्य ड्रेन, व्हॉल्व्ह लावून पूर्ण पाण्यानं भरून चालेल असा, म्हणजे गुडगुड नाही. दुसरा मोकळा, किंचित उंच, आणीबाणीचा, त्याला व्हॉल्व्ह लावायचा नाही. मुख्य बुजला की दुसऱ्यातनं पाणी धो धो पडतं, तो आवाज हीच तुमची घंटा. व्हॉल्व्ह गेट मिळाला तर उत्तम, बॉल व्हॉल्व्हला केसभर फिरवलं तरी पातळी दोन इंच इकडंतिकडं होते.

पेठेतली_मी
कप्प्यांचं मी सांगतो. ३६ इंचांत: पहिले १४ इंच सॉक आणि स्किमर. मग १० इंच शेवाळ. मग बुडबुडे अडवायच्या तीन काचा, वरून-खालून-वरून, इंच-इंच अंतरानं. उरलेले साधारण ९ इंच पंपाला. स्किमरच्या कप्प्यात पातळी स्थिर पाहिजे, नाहीतर एक दिवस कप कोरडा आणि दुसऱ्या दिवशी कपातनं घाण परत सम्पात. म्हणून तिथली आडवी काच स्किमरच्या पुस्तकात दिलेल्या उंचीची करून घ्या, कारागिराच्या अंदाजानं नको. चिकटवायला बुरशीरोधक सिलिकॉन घेऊ नका, बाथरूमवाला. त्यातलं औषध टँकात उतरतं.

पंपाचा कप्पा लहान ठेवायची चूक मी केलो होतो. ९ × १६ इंचात एक इंच म्हणजे सव्वादोन-अडीच लिटर. मे महिन्यात कोल्हापुरात पंखा लावून टँक थंड ठेवला की दिवसाला चार लिटर सहज उडतात, दोन दिवसांत पंप हवा ओढायला लागतो. माझा हीटर त्याच कप्प्यात होता. पातळी उतरली, हीटर उघडा पडला, वरून गार पाणी घातलं आणि टिचकन काच तडकली. आता हीटर स्किमरजवळ.

घट भरायची ती गोड्या पाण्यानं, खाऱ्या नाही. मीठ उडत नाही. आपोआप भरायचा फ्लोट लावणार असाल तर तो आरओच्या नळाला थेट जोडू नका, वीस लिटरच्या कॅनला जोडा. माझा फ्लोट एकदा अडकला. कॅनच रिकामा झाला म्हणून वाचलो, खारेपणा हजारी ३५ वरून ३३-३४ वर आला, कोरलांनी दोन दिवस तोंड पाडलं आणि परत उघडली. नळाला असता तर रात्रभर चालला असता.

टीडीएस_मामा
पाण्यावर कोणी बोललंच नाही. घरचा प्यायचा आरओ चालणार नाही असं नाही, पण त्याच्यात चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायचा नॉब असतो, तो पूर्ण बंद करायचा. आणि शेवटी उरलेले क्षार काढणारी डीआय रेझिनची नळी. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य आलं पाहिजे. बोअरचं पाणी असेल तर मेंब्रेन लवकर जाईल, पालिकेचं घ्या. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, घनता १.०२५-१.०२६. प्लास्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर बुडबुडा चिकटला की खोटं बोलतो.

उपसापंप
पंप: साडेचारशे लिटरला तासाला पाचपट धर, दोन-सव्वादोन हजार. पण खोक्यावरचा आकडा शून्य हेडचा, म्हणजे पाणी वर उचलायचं नसतानाचा. तुला चार-पाच फूट उचलायचंय, वर दोन एल्बो. तीन-साडेतीन हजारवाला घे. जास्तीचा घेऊ नको, सम्पमधनं पाणी सुसाट गेलं तर बुडबुडे वर येतात. कोरलांना लागणारा प्रवाह वेव्हमेकरनं द्यायचा.

आणि आबांचा दुसरा प्रश्न राहिला. "खालचा नळ तुंबला तर?" म्हणजे ड्रेन बुजला आणि पंप चालूच. तेव्हा पंप आपल्या कप्प्यातलं सगळं पाणी वर फेकणार. तुझा कप्पा ९ × १६ × ९ म्हणजे एकवीस लिटर, टँकमध्ये सव्वा इंच. टँकची पातळी काठापासून दीड-दोन इंच खाली ठेव. दोन्हीकडनं सुटलास.

साधासरळ
हे मात्र मान्य. दोन्ही बाजूंनी हिशोब लागतो हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर कदाचित मीही लावला असता. पाणी मात्र रविवारीच बदलणार.

सदाशिवी
'केलो होतो' वाचून पुन्हा थांबलो. पण धागा वाचनखूण साठवला आहे.

*(सात आठवड्यांनी)*

खारेपाणी
धागा वर काढतो. टँक उभा राहिला. मासे अजून नाहीत, सायकल चालू आहे, अमोनिया काल शून्य दाखवला, नायट्राइट थोडं आहे.

लाईटची परीक्षा घेतली. मीठ घालायच्या आधी, साध्या पाण्यावर. बायकोला सम्पसमोर मोजपट्टी घेऊन बसवलं, मी मेन स्विच पाडला. वरची पातळी उतरायला लागली, ओव्हरफ्लोचा कंगवा उघडा पडला, तरी रिटर्नमधनं ओढ चालूच. बायको आकडे ओरडतेय, दहा, साडेदहा, अकरा... मला घाम. मग भोकातनं सुर्र असा आवाज आला, सरबत संपल्यावर स्ट्रॉचा येतो तसा, आणि थांबलं. सम्प साडेबारा इंचांवर. साडेतीन इंच शिल्लक. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेवढंच.

मग मुख्य ड्रेन हातानं बंद करून दुसरी परीक्षा. आणीबाणीचा पाइप असा कोसळला की आई स्वयंपाकघरातनं पळत आली.

एक भानगड आहे. शेवाळाच्या कप्प्यावर दिवा लावलाय, वरचे दिवे बंद झाले की तो रात्री चालू होतो, पीएच पडू नये म्हणून. आईनं डब्यांची अट सोडलेली नव्हती. सम्पशेजारी वीतभर जागा होती, तिथं तिनं कांद्याची टोपली ठेवली. दमट हवा, रात्रभर उजेड. आज बघतोय तर सगळ्यांना हिरवेगार कोंब.

पेठेतली_मी
टोपली काढ आधी. आणि कपाटाच्या मागच्या फळीला दोन छोटे पंखे लाव, ओल बाहेर जायला. नाहीतर प्लायवूड फुगेल आणि प्लगमध्ये मीठ जाईल. स्पाइकबोर्ड वर भिंतीला ठोक, सम्पच्या पातळीपेक्षा उंच, आणि वायर आधी खाली लोंबू दे, मग वर ने, थेंब प्लगकडं जाणार नाही.

उपसापंप
साडेतीन इंच म्हणजे झकास. आबांना सांगितलं. म्हणाले, "मासं कधी घालतोय?" पहिल्यांदाच माशांबद्दल विचारलं.

तांबडापांढरा
कांद्याची पात झुणक्याला पाठव.

खारेपाणी
आईनं आधीच केला. टोपली मात्र तिथंच आहे, म्हणते आता लसूण लावून बघू.